पूर्ण डोस

४ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुमच्या काळजात धस्स झालं असेल. एरवी पत्र तुमचे दादा लिहितात आणि मी खाली कोपऱ्यात ‘मी बरी आहे’ एवढं खरडते. तेव्हा आधी सांगते, ते आहेत. घरी आहेत, आतल्या खोलीत झोपलेत. आता पुढचं खाली बसून वाचा.

गेल्या महिन्यात त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद होती. “तिला फोनवर ऐकू येत नाही. अर्धं ऐकेल आणि पूर्ण रडेल,” म्हणाले.

बरेच महिने शौचावाटे रक्त जात होतं. मूळव्याध आहे, मूळव्याध आहे असं म्हणून मला गप्प बसवलं. विजारी ढिल्या झाल्या तर म्हणे, वय झालं की माणूस आटतो, तूही आटलीयेस. मी कुठली आटते! मग एक दिवस पोट ढोलासारखं फुगलं, वारासुद्धा सरेना, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं तर त्याच दिवशी पोट उघडावं लागलं. मोठ्या आतड्यात गाठ होती, तिने वाट पार बुजवली होती. आता आतड्याचं तोंड पोटावर काढलंय आणि त्यावर पिशवी लावलीय. शौच त्या पिशवीत येतं.

गाठ कॅन्सरची आहे, वन्सं. यकृतात पसरलीय.

पिशवी बदलायला मला शिकवलंय. मी बदलते तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडतात. जन्मभर कवळ्या बनवल्या, कुणाकुणाच्या तोंडात बोटं घालून मापं घेतली, कधी कुणाची किळस केली नाही. स्वतःची मात्र करतात. मी म्हटलं, “अहो, मला काही वाटत नाही.” तर म्हणाले, “तुला वाटत नाही म्हणूनच मला जास्त वाटतं.”

डॉक्टरीणबाई म्हणतात, हा आजार जाणार नाही, पण औषधाने काही काळ आवरता येईल. किती, ते वयावर आणि अंगातल्या ताकदीवर. औषध द्यायचं की नाही, दिलं तर किती जोराचं, ते जखम भरल्यावर ठरवायचंय. मला काही सुचत नाही. आमच्यामागे मूलबाळ नाही की कुणाला विचारावं. तुम्हीच काय ते सांगा.

तुमची वहिनी

१३ फेब्रुवारी

वहिनी,

रागावलेय. तुमच्यावर आणि त्याच्यावर सारखीच. महिनाभर मी इथे शब्दकोडी सोडवत बसले होते आणि तिकडे माझ्या भावाचं पोट फाडलं!

जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना लोकांशी जोडून दिलं आणि आता माझीच लाइन बंद. पण डोळे आहेत ना? वाचता येतं ना? यापुढे सगळं लिहायचं, काय आवडेल काय नाही ते बघत बसायचं नाही.

मी निघणारच होते. पण खुब्याचं हाड जोडल्यापासून मला न्हाणीघरापर्यंत जायला वॉकर लागतो, आणि आमचे चिरंजीव म्हणतात, दिवसभराचा प्रवास कसा करशील, गाडीत चढवायचं कुणी आणि उतरवायचं कुणी. त्याचं चूक नाही. पण मी त्या दिवशी जेवले नाही.

आता नीट ऐका. डॉक्टरांना म्हाताऱ्यांचा कंटाळा असतो. वय विचारलं की अर्धं मन तिथेच काढून घेतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांना हाच आजार. ते अडून बसले, मला तरण्यांना देता तेच द्या. पूर्ण डोस घेतले. आता रोज सकाळी फिरायला जातात आणि परत येऊन जिन्यात सगळ्यांना आरोग्यावर भाषण देतात. दादाला तेच हवं. एकोणऐंशी म्हणजे काय वय आहे? गेल्या वर्षी तो तुमच्या माळ्यावर चढून पत्रे बदलत होता.

तुम्ही मऊ आहात, वहिनी. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. खणू देऊ नका. पूर्ण डोस म्हणजे पूर्ण डोस.

तुमची वन्सं

६ मार्च

वन्सं,

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. वयाने नातीएवढी आहे. हिने आधी रक्त तपासलं नाही की पोट बघितलं नाही. म्हणाली, “आजोबा, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा.” उठले. “त्या दारापर्यंत चालून या.” आले. मग कागद दिला आणि म्हणाली, घड्याळ काढा. तेव्हा मात्र यांचं डोकं फिरलं. “बाई, दुखणं माझ्या आतड्यात आहे, डोक्यात नाही.” तिने हसून घेतलं. एवढ्या वयात औषध झेपेल का हे वर्षांवरून कळत नाही, असं बघावं लागतं, म्हणाली. स्वयंपाक कोण करतं, पडलात का कधी, वजन किती उतरलं, सगळं विचारलं. बाहेर आल्यावर मला म्हणतात कसे, “हुशार आहे. पण पुढच्या दाताला टोपी बसवलीय, तिचा रंग चुकलाय.”

तिने तीन वाटा सांगितल्या. एक, दोन औषधं एकत्र, सलाइनमधून आणि गोळ्या, पूर्ण जोराची. आजार जास्त आवरेल, पण माणूसही झिजेल. दुसरी, एकच औषध, तेही कमी मात्रेत, झेपतंय बघून वाढवायचं. तिसरी, औषध नकोच, त्रास होईल त्यावर तेवढा उपाय. तिचा कल दुसरीकडे दिसला. ती माझ्याकडे बघत होती. मी यांच्याकडे बघितलं. यांनी खिशातून तुमचं पत्र काढलं, घडी उलगडली आणि म्हणाले, “माझी बहीण म्हणते पूर्ण डोस. तर पूर्ण.”

 तुम्हा दोघा भावंडांचं एकदा ठरलं की मी कोण?

पहिला डोस झाला. उलट्या फारशा नाहीत. पण गार काही चालत नाही. नळाचं पाणी हाताला लागलं तर झिणझिण्या येतात, गार पाण्याचा घोट घेतला तर घशात काचा गेल्यासारखं होतं. काल मला न विचारता फ्रिज उघडायला गेले आणि असे ओरडले की मला वाटलं आत साप निघाला. आता फ्रिजची मालकीण मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात माझं राज्य आलंय.

तुमची वहिनी

१४ मार्च

वहिनी,

वाचून मी मुलाला हाक मारून सांगितलं, बघ, तुझा मामा कसा आहे! घड्याळ काढायला लावलं म्हणे! आमच्या दादाला!

लोकरीचे हातमोजे पाठवतेय. बोटं सुटी विणलीयेत, त्याला काम करता यावं म्हणून. एका अंगठ्याचं माप चुकलंय, मोठा झालाय, त्याला म्हणावं त्यात दोन अंगठे घाल.

तुम्ही त्याला उत्साहात ठेवा. घरात सुतकी चेहरा करून फिरू नका. तुम्हाला सवय आहे, आधीपासून. खाणं जबरदस्तीने घाला. आणि त्याला म्हणावं, दोन ओळी स्वतःच्या हाताने लिही. तुमच्या अक्षरात त्याचा आवाज ऐकू येत नाही.

तुमची वन्सं

३१ मार्च

वन्सं,

हातमोजे मिळाले. छान झालेत. ते बरे आहेत, थोडे थकलेत. लिहिण्याचं नंतर बघू म्हणाले. मीही जरा घाईत आहे. सविस्तर नंतर लिहिते.

तुमची वहिनी

९ एप्रिल

वहिनी,

चार ओळी! टेलिफोनवर बिलाच्या भीतीने लोक बोलायचे तशा.

माझ्या मुलाने काल त्या दवाखान्यात फोन लावला. तिकडून कळलं की पुढचा डोस दिलेलाच नाही, पुढे ढकललाय. का? कुणी ढकलला? तुम्ही घाबरलात आणि त्याला घेऊन गेला नाहीत, दुसरं काय. मला ठाऊक आहे, पहिल्या दिवसापासून तुमच्या मनात नव्हतं. ‘मी कोण’ म्हणून लिहिलंत ते मी काय वाचलं नाही?

आता विचारतेच. तुम्हाला त्याचं करायचा कंटाळा आलाय का? आला असेल तर तसं सांगा. पिशव्या, आंघोळी, सोपं नाही, मान्य. आम्ही माणूस ठेवू. पण त्याचं औषध बंद करू नका. त्याच्या जिवाचा निर्णय तुमच्या कंटाळ्यावर नको.

तुमची वन्सं

१७ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग भांडी घासली. सगळी. घासलेलीसुद्धा.

मागचं चार ओळींचं पत्र मी दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिलं होतं. तुम्हाला लिहायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. “तिला वाटेल तिच्यामुळे झालं,” हे त्यांचे शब्द. आता लिहिते, कारण मी काही संत नाही.

दुसऱ्या डोसनंतर जुलाब लागले. पिशवी भरायची, मी रिकामी करेपर्यंत पुन्हा भरायची, मग कडेने सुटायची. चादरी पुरेनात. तोंड आतून सोलून निघालं, पाणीसुद्धा गिळवेना. मग ते मला ओळखेनात. मला आई म्हणून हाक मारली आणि म्हणाले, टिल्ली कुठेय, तिला आत घे, ती बाहेर एकटीच आहे. टिल्ली म्हणजे तुम्हीच ना? मी म्हटलं, घेतलं हो आत. तेव्हा शांत झाले.

दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी आणि क्षार संपलेत म्हणाले, मूत्रपिंडावर ताण आलाय. सलाइनवर होते. वाचले. घरी आले ते अर्धे होऊन आले. बोटांची टोकं बधिर झालीयेत. ज्या बोटांना कवळीवरचा केसाएवढा उंचवटा कळायचा त्यांना आता सदऱ्याचं बटण सापडत नाही. परवा मागच्या खोलीत जाऊन कवळीच्या मेणाची एक वडी हातात घेऊन बसले होते. मी दारात उभी राहिले. म्हणाले, “मऊ आहे की कडक, बघ गं जरा.” मी बघितलं. मऊ होती.

डोस डॉक्टरीणबाईंनी थांबवला, मी नाही. परवा पोटाचा स्कॅन झाला. एवढं सोसून यकृतातल्या गाठी वाढल्यायत. कमी मात्रेच्या गोळ्या देऊन बघू म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता.

मला करायचा कंटाळा आलेला नाही, वन्सं. मी करते ते कशालाही पुरत नाही, याचं काय करू? माणूस ठेवा म्हणता. ठेवते. तो माणूस काय वेगळं करील ते मला कळवा, मी ते आजपासूनच करते.

तुमची वहिनी

२६ एप्रिल

वहिनी,

तुमच्या पायावर डोकं ठेवायला वाकता येत नाही, खुबा आड येतो. तेवढंही देवाने माझ्या हातात ठेवलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांचं वय मी मुलाला विचारलं. बासष्ट. आजारही पसरलेला नव्हता. मी कधी विचारलंच नव्हतं. एका जिन्यातल्या भाषणावरून मी माझ्या भावाला औषध लिहून दिलं.

दादासाठी सोबत चिठ्ठी आहे. तुम्ही वाचून दाखवा.

‘दादा, माझ्यासाठी औषध घेऊ नकोस. मी सांगितलं म्हणून घेतलंस, खूप झालं. आता मी तुला मोकळं करते. तू दमला असशील. गोळ्याबिळ्या नको वाटत असतील तर सरळ बंद कर, वहिनींना त्रास नको, तुला त्रास नको. शांत राहा. टिल्ली.’

तुमची वन्सं

१८ मे

टिल्ले,

हे मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहून घेतेय. माझ्या हातात पेन राहत नाही. ती मध्ये थांबली तर शाई संपली असं समज.

तुझी चिठ्ठी तिने वाचून दाखवली.  तिला वाटलं मला बरं वाटलं. तिला तर बरं वाटलेलं दिसलंच. म्हणून म्हटलं, आता बोललंच पाहिजे.

तू मला कशातून मोकळं करतेस? मी तुझ्या सांगण्यावरून औषध घेतलंच नव्हतं. तू लिहिलं नसतंस तरी मी पूर्ण डोसच मागणार होतो. मला जगायचं होतं. तुझं पत्र खिशात होतं, तुझं नाव पुढे केलं, एवढंच.

सरळ का नाही सांगितलं? लाज वाटली. या वयात ‘मला अजून जगायचंय’ असं म्हणायचं कसं, सांग. तरण्या माणसाने म्हटलं तर लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हाताऱ्याने म्हटलं तर वाटतं, हावरट आहे, याचं पोट काही भरत नाही. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाचा एक जण होता, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आपलं सगळं झालं, आता कधीही बोलावणं येवो. नर्सा त्याचं कौतुक करायच्या. मी पांघरुणात तोंड घालून पडायचो. माझं काही झालेलं नाही गं. मला उद्याचा दिवस हवा असतो. उद्या काही खास नसतं, तरी हवा असतो.

वहिनी मान वर करत नाहीये. लिही म्हटलं, हेही लिही. तिलाही मी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं मी बहिणीच्या धाकाने सोसतोय, आणि ती मनातल्या मनात तुझ्यावर चिडायची. ते मी चिडू दिलं. माझी सोय झाली.

काल डॉक्टरीणबाईंना मी स्वतःहून म्हटलं, दुसरं औषध आहे ना, ते द्या, पूर्ण द्या, मी सोसतो. पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने मागितलं. तिने खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, “आजोबा, औषध आहे. पण तुमच्या अंगात ते पेलायची ताकद राहिलेली नाही. दिलं तर आजाराच्या आधी औषधच तुम्हाला नेईल. मी ते देऊ शकत नाही.” मी म्हटलं, थोडं? तिने मान हलवली. म्हटलं, गोळ्या तरी? म्हणाली, त्याही आता थांबवू. मग मी तिच्या खोलीतल्या पंख्याकडे बघत बसलो.

भीती वाटते, टिल्ले. दुखण्याची नाही, त्याला कडू औषध दिलंय, उतार पडतो. ही दुसरी भीती. तुला सांगून काही होणार नाही, माहितीये. पण सांगितल्यावर ती खोलीत जरा कमी जागा घेते.

दादा

वन्सं, हे मी माझं लिहितेय. शाई संपली नव्हती. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला वाटत होतं की हे दमलेत आणि सोडायला तयार आहेत. मी तसं बघत होते, कारण दमले होते मी.

२७ मे

दादा,

पत्र मुलाने वाचू नये म्हणून उशीखाली ठेवलंय. त्याला दिसलं तर तो मला समजवायला बसेल.

काय लिहू? धीर धर म्हणायला तोंड नाही. मी तुला आधी ढकललं, मग सोडून दिलं, दोन्ही वेळा तुला न विचारता. आता तू सांगितलंस तर माझ्याकडे द्यायला काही नाही. असतं तर या वॉकरवरून घसरत आले असते.

हावरट हो. लाजू नकोस. मीसुद्धा आहे. खुबा मोडला तेव्हा सगळ्यांना म्हणायचे, आता काय राहिलंय माझं, आणि मनात म्हणायचे, हे हाड जुळू दे, जुळू दे. कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुला माहीत आहे.

रजा मिळाली की मुलगा मला गाडीतून आडवी घालून आणणार आहे. पुढच्या महिन्याच्या शेवटी म्हणतोय. तेवढं थांब असं लिहिणार होते. पण थांबणं तुझ्या हातात असतं तर तू थांबलाच असतास.

टिल्ली

२९ जून

वन्सं,

भाच्याला मी फोनवर कळवलं, त्याने तुम्हाला लिहून दाखवलं असेल. फोनवर मी फक्त ‘गेले’ एवढंच म्हणाले. बाकीचं तुमच्यासाठी ठेवलं होतं.

शेवटचे दिवस घरीच होते. एक नर्सबाई रोज सकाळी यायच्या. दुखण्याचं औषध वेळेवर मिळत होतं, तळमळ फार नव्हती. त्या आल्या की हे रोज विचारायचे, “काय बाई, आज काही नवीन निघालं का?” थट्टेच्या सुरात विचारायचे. बाई हसून म्हणायच्या, “नाही हो आजोबा, अजून नाही.” हेही हसायचे. पण विचारल्यापासून त्या उत्तर देईपर्यंत त्यांचा चेहरा मी बघायचे, वन्सं. तो थट्टेचा नसायचा.

मी पहिल्यांदा काही समजुतीचं बोलायचा प्रयत्न केला, आपण किती छान दिवस बघितले वगैरे. तर म्हणाले, “ते बघितलेले झाले. मला न बघितलेले पाहिजेत.” मग मी बोलणं सोडलं. नुसती जवळ बसायचे. ते म्हणायचे, भीती वाटते, आणि मी म्हणायचे, हो. एवढंच.  तुमचं पत्र त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, ‘हावरट हो’ इथपर्यंत आलं की हात वर करायचे. तिथे थांबायचं.

गेले त्या दिवशी दुपारी मी पिशवी बदलत होते. तोंड भिंतीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. बरेच दिवस झाले, ते तोंड फिरवत नव्हते. मी जुनी काढली, कोमट पाण्याने पुसत होते, आणि हाताखालचं पोट हललं नाही. मी जरा थांबले. पुन्हा हललं नाही. मग मी राहिलेलं पुसून घेतलं, कोरडं केलं, नवी पिशवी नीट चिकटवली, कडा दाबल्या. बोलावल्यावर नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, “आजी, आता कशाला हो लावली?”  तसंच उघडं कसं ठेवणार?

शेवटी शेवटी त्यांची खाट मी खिडकीशी ओढली होती. गल्लीत पाण्याची नळी टाकायला रस्ता खणलाय. ते उशीला टेकून दिवसभर ते काम बघायचे. उतार उलट घेतलाय, पाणी साचेल, मुकादमाला अक्कल नाही, असं मला सांगायचे. एकदा मला खाली पाठवलं, सांगून ये म्हणून. मी गेले, सांगितलं. मुकादम म्हणाला, “आजी, सावलीत बसा.” वर येऊन मी खोटंच सांगितलं, ऐकलं त्यांनी. तर म्हणाले, “मग आता बुजवतील तेव्हा कळेल बरोबर झालं की नाही.”

तुम्ही येणार म्हणून भाच्याने कळवलंय. या. कुणी यावं असं मला वाटतंय. पण त्याला म्हणावं, गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबव, आत येत नाही. रस्ता अजून बुजवलेला नाही. मी फळी टाकून ठेवते आणि खाली येऊन उभी राहते. वॉकर सोडा, माझा हात धरा, आणि जपून, एकेक पाऊल या.

तुमची वहिनी